त्यागाचे कौतुक पुरे, श्रमाचे मोल द्या

संयुक्त राष्ट्रसंघाने १९९२ साली केलेल्या ठरावानुसार ३ डिसेंबर हा दिवस जगभर अपंग दिन म्हणून पाळला जातो. आपल्याकडेही गावोगावी त्या दिवशी मुलांच्या फेऱ्या निघतात, क्रीडास्पर्धा होतात, पुढाऱ्यांची भाषणे होतात आणि शेवटी विशेष शाळांतील शिक्षकांना शाल व श्रीफळ देऊन त्यांच्या 'सेवाभावा'चा गौरव केला जातो. जळगाव आणि धुळे जिल्हेही याला अपवाद नाहीत. दुसऱ्या दिवशी शाल घडी होऊन कपाटात जाते आणि शिक्षक पुन्हा वर्गात जातो. त्याच्या कामाचे मोल किती, हा प्रश्न मात्र त्या व्यासपीठावर कोणी विचारत नाही. समाजवादी चळवळीने तो विचारला पाहिजे, म्हणून हा लेख.

अपंग विद्यार्थ्यांच्या विशेष शाळांतील शिक्षकांना त्यांच्या वेतनाखेरीज कामाच्या स्वरूपाबद्दल स्वतंत्र विशेष भत्ता असावा की नसावा, हा तो प्रश्न होय. आज अनुदानित विशेष शाळेतील शिक्षकाला सर्वसाधारण शाळेतील समकक्ष शिक्षकाची वेतनश्रेणी मिळते. समान वेतनश्रेणी ही लहानसहान गोष्ट नव्हे. ती झगडून मिळालेली आहे. परंतु समान श्रेणी म्हणजे समान न्याय असे मानण्यापूर्वी दोघांचे काम समान आहे काय, हे तपासून पाहावे लागते.

आमचा एक जुना विद्यार्थी अर्थशास्त्रात एम. ए. झाल्यावर विशेष शिक्षणाची पदविका घेऊन धुळे जिल्ह्यातील एका विनाअनुदानित विशेष शाळेत शिक्षक झाला. तीनचार वर्षांमागे त्याच्या वर्गात एक संपूर्ण सकाळ बसण्याचा योग आला. बौद्धिक अपंगत्व असलेल्या एका दहा वर्षांच्या मुलाला तो शर्टाची बटणे लावायला शिकवीत होता. आधी मोठे बटण व मोठे काज असलेली कापडी पट्टी, मग लहान बटण, मग टेबलावर पसरलेला शर्ट आणि अखेरीस अंगातला शर्ट, असा तो क्रम होता. या एका कौशल्याला तीन महिने लागले होते. मधल्या सुट्टीत त्याच मुलाला भरवणे, दुसऱ्याचे कपडे बदलणे, तिसऱ्याला फिट आली तर त्याला कुशीवर वळवून सांभाळणे, हे सारे त्यानेच केले. सायंकाळी प्रत्येक मुलाच्या नावाने वेगळी नोंद लिहायची होती, कारण अशा शाळेत वर्गाचा एक अभ्यासक्रम नसतो. जितकी मुले तितके अभ्यासक्रम असतात.

मूकबधिर मुलांच्या शिक्षकाची अडचण आणखी निराळी असते, आणि खानदेशात ती अधिकच तीव्र होते. मुलाच्या घरी अहिराणी बोलली जाते, रावेर-यावलकडे लेवा गणबोली, सातपुड्याच्या पायथ्याला पावरी वा भिलोरी. शाळेत श्रवणयंत्र लावून वाचा शिकवली जाते ती पुस्तकी मराठीत. आईच्या ओठांवरचे शब्द एक आणि गुरुजींच्या ओठांवरचे दुसरे. त्या दोन्हींना जोडणारी खुणांची भाषा शिकवायची असेल, तर शिक्षकाला आधी ती स्वतः आत्मसात करावी लागते आणि मग पालकांनाही शिकवावी लागते. हे पालक कोण आहेत? केळीच्या बागेतले मजूर, जिनिंगमधले हमाल, दिवाळीनंतर कोयता घेऊन ऊसतोडीला जाणारी कुटुंबे. तांड्याबरोबर फडावर गेलेल्या मुलाची शाळा सहा महिने सुटते. म्हणूनच निवासी विशेष शाळा ही या मुलासाठी चैन नसून एकमेव वाट असते. आणि निवासी शाळेत शिक्षकाचे काम घंटेबरोबर संपत नाही.

अॅडम स्मिथ हा काही समाजवाद्यांचा आचार्य नव्हे. परंतु १७७६ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या ग्रंथात वेगवेगळ्या व्यवसायांत मजुरी कमीअधिक का असते, याची त्याने पाच कारणे दिली आहेत : काम किती कष्टदायक आहे, ते शिकायला किती अवघड व खर्चिक आहे, त्यात शाश्वती किती आहे, त्यात विश्वासाची जबाबदारी किती आहे आणि त्यात यश मिळण्याची शक्यता किती आहे. या पाचही कसोट्या विशेष शिक्षकाला लावून पाहाव्यात. काम शरीर व मन दोन्ही शिणवणारे आहे. त्यासाठी सर्वसाधारण पदविकेहून वेगळे प्रशिक्षण लागते, भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी करावी लागते आणि ती टिकवण्यासाठी पुनःपुन्हा प्रशिक्षणे घ्यावी लागतात. विनाअनुदानित व कंत्राटी शिक्षकांना नोकरीची शाश्वती नाही. स्वतःची तक्रार सांगू न शकणारे मूल ज्याच्या हाती सोपवले जाते, त्याच्यावरील विश्वासाची जबाबदारी तर कोणत्याही खजिनदाराहून मोठी. आणि यश? ते येते, पण इतके हळूहळू येते की कोणत्याही निकालपत्रात त्याची टक्केवारी मांडता येत नाही. भांडवलशाही अर्थशास्त्राच्या आद्य पुरुषाच्या कसोट्यांवरही हा शिक्षक अधिक वेतनाला पात्र ठरतो. मग समाजवाद्यांनी त्याच्या बाजूने बोलायला का बिचकावे?

'अशी मागणी मान्य केली तर प्रत्येक जण भत्ता मागेल,' असे सचिवालयातून नेहमी सांगितले जाते. परंतु अवघड कामाला अधिक मोबदला हे तत्त्व महाराष्ट्र शासनाने स्वतःच फार पूर्वी मान्य केले आहे. ६ ऑगस्ट २००२ च्या शासन निर्णयाने आदिवासी व नक्षलग्रस्त क्षेत्रांत काम करणाऱ्या कर्मचाऱ्यांना प्रोत्साहनपर लाभ दिले गेले. आदिवासी क्षेत्रात तेथील नेमणुकीच्या काळापुरती एक स्तर वरची वेतनश्रेणी देण्याची तरतूद झाली. सातपुड्याच्या पट्ट्यात काम केलेल्या आमच्या शिक्षक मित्रांना हा निर्णय पाठ आहे. केंद्रात सातव्या वेतन आयोगाने तर जोखीम आणि खडतरपणा मोजणारे कोष्टकच तयार केले. म्हणजे ठिकाण अवघड असेल तर त्याची किंमत शासन मोजते. डोंगर चढून जाण्याचे कष्ट शासनाला दिसतात. एका मुलाला एक शब्द उच्चारता यावा म्हणून वर्षभर झिजण्याचे कष्ट मात्र दिसत नाहीत. अवघडपणा नकाशावर असला तर मान्य आणि वर्गात असला तर अमान्य, ही कोणती नीती?

देशाबाहेरही ही कल्पना नवी नाही. चीनमध्ये अंध व मूकबधिर शाळांतील शिक्षकांना मूळ वेतनाच्या १५ टक्के जादा भत्ता देण्याची तरतूद १९५६ पासून आहे. इंग्लंडमध्ये शिक्षकांच्या वेतनाच्या नियमांतच विशेष शाळांतील शिक्षकांसाठी स्वतंत्र भत्ता आहे. दोन्ही देशांच्या राज्यव्यवस्था परस्परांहून अगदी भिन्न. तरीही या एका बाबतीत दोघांचा हिशेब जुळतो, कारण तो तत्त्वज्ञानाचा नसून कामाचा हिशेब आहे.

मग आपल्याकडे घोडे अडले कोठे? आमच्या मते ते तिजोरीत अडलेले नसून दृष्टिकोनात अडलेले आहे. सर्वसाधारण मुलांची शाळा शिक्षण खात्याकडे आणि अपंग मुलांची शाळा समाजकल्याण खात्याकडे, अशी वाटणी आपण वर्षानुवर्षे चालवली. डिसेंबर २०२२ मध्ये महाराष्ट्राने दिव्यांगांसाठी स्वतंत्र विभाग स्थापला, हे स्वागतार्हच. परंतु तोही 'कल्याण' विभागच आहे. एका मुलाचे शिकणे हे शिक्षण आणि दुसऱ्याचे शिकणे हे कल्याण! या एका शब्दाच्या फरकातून पुढचे सारे अनर्थ निघतात. शिक्षण हा हक्क असतो, कल्याण ही कृपा असते. हक्काचे काम करणारा हा वेतनधारी कर्मचारी, कृपेचे काम करणारा हा सेवक. आणि सेवकाने मोबदला मागणे आपल्या समाजाला नेहमीच अशिष्ट वाटत आले आहे.

या दृष्टिकोनाला इतिहास आहे. मुंबईत मूकबधिरांची शाळा १८८५ साली निघाली ती मिशनरींच्या धर्मबुद्धीतून. पुढेही सेवाभावी संस्था आणि दानशूर व्यक्ती यांनीच हे क्षेत्र उभे केले. त्यांचे ऋण मोठे आहे. परंतु १९६४ ते १९६६ या काळात काम केलेल्या कोठारी आयोगाने स्पष्ट बजावले होते की, अपंग मुलांचे शिक्षण केवळ भूतदयेच्या पायावर उभे करता कामा नये, ते शिक्षणव्यवस्थेचे अविभाज्य अंग झाले पाहिजे. प्रत्येक जिल्ह्यात अशा मुलांसाठी निदान एक चांगली संस्था असावी, असे त्या आयोगाने सुचवले होते. त्यानंतर १९७४ ची एकात्म शिक्षणाची योजना आली, १९९५ चा अपंग व्यक्तींचा कायदा आला, २००९ चा शिक्षण हक्क कायदा आला, २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा आला. या शेवटच्या कायद्याने अपंगत्वाचे प्रकार वाढवून २१ केले आणि लक्षणीय अपंगत्व असलेल्या ६ ते १८ वयाच्या प्रत्येक मुलाला जवळच्या शाळेत किंवा त्याच्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क दिला. मूल हक्कदार झाले. अपंगाचे विकलांग झाले, विकलांगाचे दिव्यांग झाले. शिक्षक मात्र अजून 'सेवाभावी'च राहिला.

येथे आमच्याच घरातील एका श्रद्धेविषयी बोलणे भाग आहे. खानदेश ही साने गुरुजींची कर्मभूमी. १९२४ पासून १९३० पर्यंत ते अमळनेरच्या शाळेत शिक्षक होते आणि तेथील छात्रालयाची जबाबदारी वाहताना त्यांनी मुलांची आईच्या मायेने काळजी घेतली. आमच्या पिढीने शिक्षक कसा असावा याचे चित्र तेथूनच घेतले. म्हणूनच, भत्त्याची भाषा ऐकली की आपल्यातील अनेक ज्येष्ठांना ती गुरुजींच्या परंपरेला न शोभणारी वाटते. ही भावना आम्ही समजू शकतो. परंतु तिच्यात एक गफलत आहे. गुरुजींचा त्याग हा गुरुजींनी स्वतः होऊन केलेला त्याग होता. तो कोणत्याही खात्याने त्यांच्याकडून वसूल केला नव्हता. एखाद्याने स्वेच्छेने केलेला त्याग हा सद्गुण असतो. दुसऱ्याच्या त्यागावर अंदाजपत्रकात केलेली बचत हे शोषण असते. ज्या गुरुजींनी पुढे कामगार-किसानांच्या हक्कांसाठी आयुष्य वेचले, त्यांच्या नावाने कमी वेतनाचे समर्थन करणे हा त्यांच्या स्मृतीचा सन्मान नव्हे.

तेव्हा विशेष भत्त्याची मागणी न्याय्य आहे आणि पक्षाने तिला पाठिंबा दिला पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे. परंतु हा पाठिंबा डोळे झाकून देता येणार नाही. मागणी कशी मांडली जाते, यावर ती समतेच्या बाजूची की विषमतेच्या बाजूची हे ठरणार आहे.

या क्षेत्रात आज शिक्षकांच्या तीन जाती तयार झाल्या आहेत. पहिली अनुदानित शाळांतील कायम शिक्षकांची. त्यांना वेतनश्रेणी आहे. दुसरी विनाअनुदानित शाळांतील शिक्षकांची. शासनाने अनेक संस्थांना 'कायम विनाअनुदानित' या विचित्र तत्त्वावर परवानगी दिली आणि शिक्षकांना संस्थाचालकांच्या मर्जीवर सोडले. काम तेच, मुले तीच, परंतु हाती पडतो तो नाममात्र तनखा. तिसरी जात सर्व शिक्षा अभियान व नंतरचे समग्र शिक्षा अभियान यांतील कंत्राटी विशेष शिक्षकांची. हे शिक्षक गावोगावच्या सर्वसाधारण शाळांत जाऊन तेथील अपंग मुलांना शिकवतात आणि दीड दशकाहून अधिक काळ मानधनावर राबत आले आहेत. ऑक्टोबर २०२४ मध्ये राज्य शासनाने केंद्रस्तरावर विशेष शिक्षकांची ४,८६० पदे निर्माण करण्याचा निर्णय घेतला, तो या शिक्षकांच्या दीर्घ लढ्याचे फळ आहे. सर्वोच्च न्यायालयानेही २०२१ साली विशेष शिक्षकांचे विद्यार्थ्यांशी प्रमाण ठरवण्याचा आदेश दिला होता. त्यानुसार २०२२ मध्ये सर्वसाधारण शाळांसाठी प्राथमिक स्तरावर अशा १० मुलांमागे एक आणि वरच्या स्तरावर १५ मुलांमागे एक, असे प्रमाण केंद्राने ठरवले. मार्च २०२५ मध्ये न्यायालयाने राज्यांना पदे मंजूर करून भरण्याविषयी पुन्हा बजावले. ज्या देशात पदे निर्माण करण्यासाठी सर्वोच्च न्यायालयाला दोनदा बोलावे लागते, तेथे या कामाची सरकारदरबारी किंमत काय, हे वेगळे सांगायला नको.

आता या तीन जातींपैकी केवळ पहिलीलाच भत्ता मिळाला तर काय होईल? ज्याच्याजवळ काही आहे त्याला आणखी मिळेल आणि ज्याच्याजवळ काहीच नाही तो होता तेथेच राहील. म्हणून आमची पहिली अट अशी की, भत्त्याच्या मागणीबरोबर विनाअनुदानित व कंत्राटी शिक्षकांच्या नियमित वेतनाची मागणी जोडलेली असली पाहिजे. नव्हे, ती आधी असली पाहिजे. पाया नसलेल्यांना पाया, मग सर्वांना मजला.

दुसरी अट हिशेबाची आहे. संघटना सहसा टक्केवारीत मागणी करतात. समजा, मूळ वेतनाच्या १० टक्के भत्ता मंजूर झाला. सातव्या वेतन आयोगाच्या राज्यातील कोष्टकानुसार ज्याचे मूळ वेतन २९,२०० पासून सुरू होते त्या नव्या शिक्षकाला २,९२० रुपये मिळतील. ज्याचे मूळ वेतन ८०,००० पर्यंत पोचले आहे त्याला ८,००० मिळतील. आणि १५,००० वर सुरुवात करणाऱ्या शिपाई वा मदतनिसाला, जर त्याला दिलाच तर, अवघे १,५०० मिळतील. वास्तविक मुलाला आंघोळ घालण्याचे, शौचास नेण्याचे, रात्री उठून पाहण्याचे सर्वांत कष्टाचे काम करतो तो हा मदतनीस, आणि बहुतेक ठिकाणी ती एखादी बाईच असते. कामाचा खडतरपणा सेवाज्येष्ठतेबरोबर वाढत नाही. म्हणून भत्ता टक्केवारीत नसावा. तो ठोक रकमेत असावा, शिक्षक आणि मदतनीस दोघांना सारखा असावा आणि महागाईबरोबर वाढणारा असावा.

तिसरी अट अशी की, भत्ता इमारतीला नसून कामाला असावा. केवळ विशेष शाळेच्या चार भिंतींत शिकवणाऱ्यालाच तो मिळाला, तर अपंग मुलांना सर्वसाधारण शाळेपासून दूर ठेवण्यालाच आपण बक्षीस दिल्यासारखे होईल. साक्री किंवा चोपडा तालुक्यात एसटीची वाट पाहत या गावाहून त्या गावाला जाणारा फिरता विशेष शिक्षकही त्याचा तितकाच हक्कदार आहे.

काही आक्षेपांना उत्तर देणे आवश्यक आहे. सर्वसाधारण शाळांतील शिक्षक बंधू-भगिनी म्हणतील की आमचेही काम काही सोपे नाही. निवडणुका, जनगणना, सर्वेक्षणे, पोषण आहार यांत आम्ही पिचलो आहोत. ते खरेच आहे. परंतु त्यांची लढाई शिक्षणबाह्य कामे काढून टाकण्याची आहे, विशेष शिक्षकाची लढाई शिक्षणाच्याच कामाचे मोल मिळवण्याची आहे. या दोन लढाया परस्परविरोधी नाहीत. १९७७-७८ च्या ५४ दिवसांच्या संपात महाराष्ट्रातील कर्मचारी व शिक्षक खांद्याला खांदा लावून उभे राहिले ते महागाई भत्त्यासाठी. तेव्हा कोणाचा भत्ता मोठा हा वाद घालत बसले असते तर तो संप ५४ तासही टिकला नसता.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि तो आपण प्रामाणिकपणे स्वीकारला पाहिजे. विशेष शाळांच्या नावाखाली काही ठिकाणी निव्वळ दुकाने चालतात. पटावर मुले आहेत आणि वर्गात नाहीत. नेमणुकीसाठी शिक्षकाकडून पैसे घेतले जातात आणि वेतन जमा झाल्यावर त्यातील हिस्सा परत मागितला जातो, हे सर्वांना ठाऊक असलेले गुपित आहे. अशा व्यवस्थेत भत्ता वाढला तर संस्थाचालकाचा हिस्साच वाढेल, अशी भीती रास्त आहे. परंतु यावरचा उपाय शिक्षकाला उपाशी ठेवणे हा नाही. पालकांच्या समितीला पट व हजेरी तपासण्याचा अधिकार देणे, शाळेची तपासणी गावासमोर उघडपणे करणे आणि हिस्सा मागणाऱ्या संस्थेची मान्यता काढून ती शाळा शासनाने स्वतः चालवणे, हा त्यावरचा उपाय आहे. चोराच्या भीतीने घरच बांधायचे नाही, हा शहाणपणा नव्हे.

तिसरा आक्षेप नेहमीचाच : पैसा कोठून आणायचा? २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात सुमारे २९ लाख ६३ हजार अपंग नागरिक होते. त्यांतील शाळकरी वयाच्या मुलांना शिकवणाऱ्यांची संख्या राज्यातील एकूण शिक्षकांच्या तुलनेत अगदी थोडी आहे, आणि ती थोडी आहे हीच तर मूळ तक्रार आहे. जे मूल स्वतःचे कपडे घालायला, बसमध्ये चढायला, हिशेब करायला शिकते, त्याच्या घरातील एक माणूस, बहुधा त्याची आई, पुन्हा मजुरीला जाऊ शकते. हा लाभ कोणत्याही अंदाजपत्रकात जमेच्या बाजूला दिसत नाही. परंतु तो नाही असे म्हणणारा अर्थशास्त्री आपल्या शास्त्राशी बेइमानी करतो.

खानदेशातील कार्यकर्त्यांना आमचे सांगणे असे आहे. आपापल्या तालुक्यातील विशेष शाळांत प्रत्यक्ष जा. शिक्षक किती, मदतनीस किती, त्यांच्या हाती दरमहा खरोखर किती रक्कम पडते आणि केव्हा पडते, हे त्यांच्याच तोंडून ऐका. पालकांना एकत्र बसवा. शिक्षक व पालक वेगळे राहिले तर दोघांचाही पराभव ठरलेला आहे. तीन जातींतील शिक्षकांना एका मागणीपत्रावर आणा : सर्वांना नियमित वेतन, सर्वांना समान ठोक भत्ता, रिक्त पदांची तातडीने भरती. हे मागणीपत्र कल्याण विभागाबरोबरच शिक्षण विभागाकडेही द्या, म्हणजे ही मुले कोणाची, या प्रश्नाचे उत्तर त्यांना द्यावेच लागेल.

येत्या ३ डिसेंबरला पुन्हा व्यासपीठ उभारले जाईल. त्या दिवशी कोणी शाल घेऊन पुढे आला, तर शिक्षकाने ती नम्रपणे स्वीकारावी आणि दुसऱ्या हाताने मागणीपत्र त्याच्या हाती ठेवावे.